पाच लोखंडी पेट्या : वंचितांचा इतिहास आणि सरकारी दप्तर

दक्षिण दिल्लीतील बाह्य रिंगरोडलगतचे मुनिरका हे एकेकाळचे शेतकऱ्यांचे गाव. टोकस गोत्राच्या जाट कुटुंबांची ही जुनी वस्ती आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांमधून आज देशभरातील विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. गावाला लागूनच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. १९६६ च्या कायद्यान्वये मंजूर झालेले हे विद्यापीठ १९६९ मध्ये प्रत्यक्षात आले. दिल्लीच्या विस्तारात मुनिरका आणि आसपासच्या गावांची शेती गेली आणि तेथे विद्यापीठ, सरकारी वसाहती व सदनिका उभ्या राहिल्या. मूळ गाव मात्र ‘लाल डोऱ्या’च्या आत उरले.

लाल डोरा म्हणजे १९०८ च्या सुमारास महसुली नकाशांवर गावठाणाभोवती आखलेली तांबडी रेघ. रेघेबाहेरच्या शेतजमिनीचा प्रत्येक तुकडा खातेदाराच्या नावासह दप्तरात नोंदला गेला, कारण त्यावर सारा वसूल व्हायचा होता. रेघेच्या आतील घरांवर सारा नव्हता, म्हणून कोणते घर कोणाचे याची नोंद ठेवण्याची गरज सरकारला वाटली नाही. त्या एका रेघेचे परिणाम दिल्लीतील गावे शंभर वर्षांनंतरही भोगत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाकडे घराच्या मालकीचा कागद नसतो आणि कागदाअभावी कर्जापासून वारसाहक्कापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडचण उभी राहते. सरकारी दप्तर कशासाठी तयार होते आणि त्यात कोणाचे नाव येत नाही, हे समजून घेण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

मुनिरक्याच्या शेजारच्या विद्यापीठात समकालीन इतिहासाचे एक अभिलेखागार उभे राहिले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्या नावाने ते ओळखले जाते. (आडनावावरून ते मराठी वाटले तरी जोशी अल्मोड्याचे, कुमाऊँ प्रांतातले.) १९२९ मध्ये सुरू झालेल्या मीरत खटल्यातील ते एक तरुण आरोपी होते. मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते श्रीपाद अमृत डांगे हेही त्याच खटल्यात होते. सक्रिय राजकारणातून बाजूला झाल्यावर जोशींनी उत्तरायुष्यातील मोठा काळ पक्षाची पत्रके, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे आणि कार्यकर्त्यांचे कागद जमविण्यात घालविला. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. बंदी, भूमिगत जीवन आणि तुरुंग यांतून गेलेल्या चळवळीचे कागद एरवी वाऱ्यावर गेले असते. नेत्याची चिकाटी आणि विद्यापीठाची इमारत, दोन्ही एकत्र आल्याने ते टिकले.

ज्या चळवळींना अशी इमारत लाभली नाही, त्यांच्या कागदांचे काय झाले? महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण याच दिल्लीत, मुनिरक्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला घडले.

२६, अलीपूर रोड

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी महापरिनिर्वाण झाले. घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले कायदामंत्री राहिलेल्या या नेत्याचे ते घर भाड्याचे होते. तेथे त्यांचे लेखन टंकलिखित करून घेण्याचे काम नानकचंद रत्तू करीत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याखेरीज अनेक ग्रंथांची हस्तलिखिते अर्धवट वा पूर्णावस्थेत त्या घरात पडून होती. काही प्रकरणांच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती होत्या आणि त्यांवर हाताने केलेल्या दुरुस्त्या होत्या. काहींची फक्त शीर्षके होती.

पुढे कागदपत्रे दिल्ली उच्च न्यायालयाच्या अभिरक्षकाच्या ताब्यात गेली आणि कालांतराने महाराष्ट्र शासनाच्या महाप्रशासकाकडे आली. मृताची मालमत्ता वादात असेल तर ती सांभाळणे हे या अधिकाऱ्याचे काम. तो मालमत्ता सांभाळतो. हस्तलिखिते वाचणे, लावणे, छापणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे कागद सुरक्षित असूनही ते कोणालाही उपलब्ध नव्हते. सर्वच कागद या वाटेने वाचले असेही नाही. अलीपूर रोडवरील घराची मालकी बदलल्यानंतर १९६७ च्या सुरुवातीला खोल्यांतील सामानासह कागद उघड्यावर काढले गेले आणि पावसात त्यांतील बरेच नष्ट झाले, अशी हकीकत रत्तू यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे.

येथे एक तुलना अपरिहार्य ठरते. पंडित जवाहरलाल नेहरू यांचे २७ मे १९६४ रोजी निधन झाले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्यांच्या तीन मूर्ती भवनातील निवासस्थानात स्मारक संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि पुढे तेथे आधुनिक भारताच्या इतिहासाचे देशातील एक प्रमुख ग्रंथालय व खासगी कागदपत्रांचे भांडार विकसित झाले. २०२३ पासून ही संस्था प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. तीन मूर्तीला सहा महिने पुरले. आंबेडकरांच्या अप्रकाशित कागदांवर संशोधकाची नजर पडायला पंचवीस वर्षे लागली. नेहरूंचे घर सरकारी होते आणि आंबेडकरांचे भाड्याचे, हे खरेच आहे. परंतु घर ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला १९५६ मध्येही होता. अलीपूर रोडची ती वास्तू राष्ट्राला अर्पण होण्यास २००३ साल उजाडले आणि राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन १३ एप्रिल २०१८ रोजी झाले.

वकिलाची याचिका आणि विशेष कार्य अधिकारी

कागद बाहेर आले ते शासनाने आपणहून ठरविले म्हणून नव्हे. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. त्यांची मागणी साधी होती. हे लेखन राष्ट्रीय महत्त्वाचे आहे. एक तर ते आपल्याला प्रसिद्ध करू द्यावे, नाहीतर शासनाने ते प्रसिद्ध करावे. प्रकरण मुंबईला वर्ग झाले आणि अनेक वर्षे प्रलंबित राहिले.

दरम्यान १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली. १९७८ मध्ये वसंत मून यांची विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि कामाला वेग आला. मून (१९३२–२००२) नागपूरच्या दलित वस्तीत वाढलेले आणि चळवळीत घडलेले. या वस्तीचे चित्र त्यांनी १९९५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘वस्ती’ या आत्मकथनात रेखाटले आहे. गेल ऑम्व्हेट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. पदनाम सरकारी असले तरी मून यांनी हे काम सरकारी पद्धतीने केले नाही. ते स्वतः सविता आंबेडकर, प्रकाश आंबेडकर व कुटुंबातील इतर वारस, बनसोड आणि महाप्रशासक यांना भेटले, सर्वांची संमती मिळविली आणि न्यायालयातला गुंता सुटला.

पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ‘कास्ट्स इन इंडिया’, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ यांसारखे पूर्वी छापलेले लेखन होते. पेट्यांतील कागद १९८१ मध्ये शासनाच्या हाती आले. समितीच्या सदस्यांनी ते एकेक करून तपासले आणि पाच लोखंडी पेट्यांत असलेले हे कागद शिक्षण विभागाच्या ताब्यात ठेवण्यात आले. एका मोठ्या विचारवंताचा अर्धा बौद्धिक संसार या पाच पेट्यांत मावला होता. त्यातून १९८७ मध्ये तिसरा व चौथा आणि १९८९ मध्ये पाचवा खंड आला. प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती, हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान, अस्पृश्यांची स्थिती यांवरील लेखन जगापुढे आले ते तेव्हा. त्यांतील कित्येक ग्रंथ अपूर्ण आहेत. ‘भारत आणि साम्यवादाच्या पूर्वअटी’ या योजिलेल्या ग्रंथाचा सुरुवातीचाच भाग सापडला. मुनिरक्याच्या शेजारी साम्यवाद्यांचे कागद जपले गेले. साम्यवादाविषयी आंबेडकरांना पुरते काय म्हणायचे होते, ते मात्र हाती लागले नाही. उरलेली प्रकरणे लिहिलीच गेली नव्हती की हरवली, हे आता ठरविता येत नाही.

कोणते पान छापायचे?

दप्तरखान्यातून कागद बाहेर आला म्हणजे सत्तेचा प्रश्न संपतो, असे नाही. १९८७ मध्ये चौथा खंड ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध झाला. राम आणि कृष्ण यांच्या चरित्रांची चिकित्सा करणारे त्यातील परिशिष्ट वादग्रस्त ठरले. जानेवारी १९८८ मध्ये मराठा महामंडळाच्या कार्यकर्त्यांनी अमरावती येथे ग्रंथाच्या प्रती जाळल्या. शिवसेनेने परिशिष्ट वगळण्याची मागणी लावून धरली आणि मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या सरकारने माघार घेण्याची तयारी दाखविली. त्याविरुद्ध दलित संघटनांच्या विविध गटांनी, आपसातील मतभेद बाजूला ठेवून, मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. अखेर तडजोड झाली. परिशिष्ट कायम राहिले आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडण्यात आली.

ही टीप लहान असली तरी बोलकी आहे. जगातील कोणत्याही लेखकाच्या समग्र वाङ्मयात प्रकाशकाने त्याच्या मतांशी सहमत असण्याची अपेक्षा नसते. येथे मात्र प्रकाशक शासन होते. जपणूक करणाऱ्याला मजकूर वगळण्याचाही अधिकार आहे काय, हा प्रश्न तेव्हा रस्त्यावर सोडवावा लागला.

मून यांच्या हयातीत सोळा खंड निघाले. त्यांच्यानंतर प्रा. हरी नरके यांनी संपादनाची धुरा सांभाळली. सतराव्या खंडापासून भाषणे, पत्रव्यवहार आणि चळवळीची साधने यांचे मोठे दालन खुले झाले. नरके यांचे ९ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले. केंद्र शासनाने १९९२ मध्ये स्थापन केलेल्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाने हिंदीसह अन्य भाषांतील आवृत्त्यांचे काम हाती घेतले आणि इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही उपलब्ध झाले. छापील प्रतींची रड मात्र कायम राहिली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर ग्रंथांच्या दालनांपुढे रांगा लागतात आणि हवा तो खंड मिळत नाही. नऊ लाख प्रती छापण्याचे ठरून कोट्यवधी रुपयांचा कागद खरेदी झाला, पण चार वर्षांत सुमारे तेहतीस हजार प्रतीच निघाल्या, अशी बातमी २०२१ मध्ये ‘लोकसत्ता’ने दिली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. एकदा बनसोडांच्या याचिकेने पेट्या उघडल्या होत्या. चाळीस वर्षांनी छपाईसाठीही न्यायालयच आठवावे लागले.

आधीच्या पिढ्यांचे कागद

आंबेडकरांचे निदान नाव मोठे होते. त्यांच्या आधीच्यांचे लेखन टिकले ते बहुधा योगायोगाने. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. ते छापील रूपात वाचकांसमोर आले १९७९ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. फुले यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ मध्ये काढले तेव्हा हे नाटक त्यात नव्हते. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा १८८२ चा निबंध असाच विस्मृतीत गेला होता. मालशे यांनीच तो शोधून १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केला. फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध आज उपलब्ध आहे, कारण अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने तो १८५५ मध्ये छापला आणि मिशनऱ्यांनी आपल्या नियतकालिकाचे अंक जपून ठेवले. मिशनऱ्यांचे हेतू काहीही असोत, त्यांचे कपाट उपयोगी पडले.

आंबेडकरांच्या वृत्तपत्रांचीही अवस्था नाजूकच होती. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी आणि ‘जनता’ १९३० मध्ये सुरू झाले. स्वस्त कागदावर छापलेले हे अंक चाळींतील खोल्यांत, ट्रंकांत, पोटमाळ्यांवर राहिले. कसर आणि पावसाळा यांतून वाचले तेवढे वाचले. पहिल्या दोन पत्रांचे अंक शासनाने १९९० मध्ये एकत्रित खंडाच्या रूपाने काढले. त्यापूर्वी हे अंक पाहायचे म्हणजे संग्राहकांचे उंबरठे झिजविण्याला पर्याय नव्हता.

या संग्राहकांत चांगदेव भवानराव खैरमोडे (१९०४–१९७१) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी आंबेडकरांच्या हयातीतच साधने गोळा केली. चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील खंड त्यांच्या मृत्यूनंतरही येत राहिले. एकूण संख्या बारावर गेली. गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या आद्य कार्यकर्त्यांविषयीचे कागद अभ्यासकांना मिळाले ते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचलेल्या खैरमोडे संग्रहातून. अमेरिकन संशोधक एलिनॉर झेलियट यांनी महार चळवळीवरील १९६९ चा प्रबंध अशाच घरगुती संग्रहांच्या आणि मुलाखतींच्या आधारे सिद्ध केला. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी छायाचित्रे व पत्रे जमविण्यात आयुष्य वेचले.

स्त्रियांच्या बाबतीत कागदच मुळात कमी. सभेला हजारो बाया आल्या, एवढीच नोंद वृत्तान्तात असायची, नावे नसायची. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. अभिलेखागारात नसलेला इतिहास तोंडी साधनांतून कसा उभा करावा, याचा मराठीतील हा वस्तुपाठ आजही अभ्यासला जातो. शाहिरी जलसे, भीमगीते, जात्यावरच्या ओव्या यांचाही याच साधनांत समावेश करावा लागेल.

सत्तेच्या कपाटातील नोंदी

वंचित समाज सरकारी दप्तरात अजिबात नव्हते, अशी समजूत चुकीची ठरेल. ते होते, पण सरकारला हव्या त्या रूपात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून पंचेचाळीस खंड निवडून काढले. त्यात मोहिमा, तह, सरदार यांची पत्रे प्रामुख्याने आहेत. वतनाच्या तंट्यांतील महार, गुन्हेगारीतील दंडाचे धनी, वेठीची माणसे या कागदांत दिसतात, पण बोलत नाहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातीच पोलिसांच्या वहीत चढविल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, तरी त्यांच्या पूर्वजांविषयीचा सर्वांत तपशीलवार लिखित पुरावा म्हणजे हजेरीच्या आणि गुन्ह्यांच्या नोंदी. आंबेडकरी चळवळीचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये या चळवळीच्या साधनांचा जो खंड काढला, त्यात वृत्तपत्रांबरोबरच इंग्रज सरकारच्या दप्तरातील कागदांचा आधार घ्यावा लागला. ज्यांच्यावर पाळत ठेवली, त्यांच्या सभांची तारीख व गर्दीचा आकडा पाळत ठेवणाऱ्यांनीच टिपून ठेवला.

हा विषय केवळ संशोधकांचा नाही. महाराष्ट्रात जात वैधता प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवही, महसुली उतारा यांपैकी काही सापडले तर अर्ज पुढे सरकतो. ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्याच्या नावे जमीन नव्हती आणि ज्याचे पाल दर आठवड्याला गाव बदलत होते, त्याने १९६१ चा कागद कोठून आणावा? पारधी, मसणजोगी, डोंबारी अशा जमातींतील विद्यार्थ्यांचे प्रवेश या एका प्रश्नावर अडतात. चौकशी अधिकाऱ्याचा गृहभेट अहवाल आणि समाजाची आप्तसंबंध पडताळणी ही पर्यायी वाट नियमांत आहे, पण ती लांब आणि अनिश्चित आहे.

शासनाने मनावर घेतले तर जुने दप्तर किती वेगाने उघडते, तेही महाराष्ट्राने पाहिले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग अशा अनेक कार्यालयांतील जुन्या नोंदी तपासण्यात आल्या, मोडी वाचकांना कामाला लावण्यात आले आणि लाखो कुणबी नोंदी हुडकून संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. मागणीच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. याच कपाटांत विमुक्त जमातींच्या नोंदीही आहेत आणि त्यांच्यासाठी असा शोध अद्याप हाती घेतला गेलेला नाही.

कायद्याची बाजू पाहता, १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केंद्र सरकारच्या कार्यालयांतील कागद जपण्याची व पंचवीस वर्षांहून जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविण्याची तरतूद करतो. खासगी संग्रह, बंद पडलेली नियतकालिके, संघटनांची इतिवृत्ते या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. वंचितांच्या चळवळींचा बहुतेक ऐवज नेमका तेथेच आहे. खैरमोडे यांच्यासारख्यांच्या पुढच्या पिढीला जागा अपुरी पडते, घर विकावे लागते आणि ट्रंका रद्दीवाल्याकडे जातात.

मुनिरक्याच्या शेजारच्या विद्यापीठातून गोपाळ गुरू, सुखदेव थोरात यांसारखे मराठी अभ्यासक पुढे आले आणि दलित प्रश्नाच्या अभ्यासाला त्यांनी देशपातळीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे आणि त्यांच्या लेखनाचे छापील खंड आज देशभरातील ग्रंथालयांत पोहोचले आहेत. मूळ कागद मात्र महाराष्ट्र शासनाच्या ताब्यात आहेत. दुरुस्त्या केलेली पाने, समासातील टिपणे आणि पाठभेद यांसह त्यांची चिकित्सक आवृत्ती निघाली, तर अपूर्ण प्रकरणांचा क्रम आणि ‘रिडल्स’च्या सुट्या पानांची मांडणी यांविषयीचे अनेक वाद नव्याने तपासता येतील.